मनोमयी मूर्ति, ध्यानाचीं पानें व हल्लींचा ‘तुल्पा’

मुळशी तालुक्यांतील उरवडे येथून एका संग्राहक गृहस्थांचा प्रश्न आमच्याकडे आला आहे. त्यांच्या घरीं स्तोत्रें, कवचें व पूजापद्धति यांचीं सुटीं पानें एका बासनांत आहेत. त्यांपैकीं ध्यानांचीं पानें त्यांच्या पुतण्यानें वेगळीं काढून घेतलीं असून, रोज रात्रीं तीं पुढें ठेवून मनांत एक आकृति उभी करण्याचा अभ्यास तो करीत असतो. या अभ्यासास तो ‘तुल्पा करणें’ असें म्हणतो. आपल्याशीं बोलणारा, आपल्या सोबतीस राहणारा, परंतु स्वतःची निराळी बुद्धि चालविणारा असा एक मनोनिर्मित सोबती अभ्यासानें घडवितां येतो, अशी या शब्दामागची समजूत आहे. गृहस्थांनीं दोन गोष्टी विचारल्या आहेत. हें आपल्या पोथ्यांतलेंच ध्यान काय. आणि तें असल्यास नवशिक्यानें कसें करावें? प्रश्न एका घरचा असला तरी ज्याच्या दप्तरांत ध्यानाचें एकही पान नाहीं असा संग्राहक विरळा. यास्तव उत्तर जरा विस्तारानें देतों.

प्रथम शब्दाचा उलगडा केला पाहिजे. ‘तुल्पा’ हा शब्द तिबेटी. तो ‘स्प्रुल-पा’ असा लिहितात व ‘टुल्पा’ असा उच्चारितात. संस्कृत बौद्ध ग्रंथांचीं तिबेटी भाषांतरें झालीं तेव्हां ‘निर्माण’, ‘निर्मित’ या शब्दांस हा प्रतिशब्द योजला गेला. बुद्धाच्या तीन कायांपैकीं जो निर्माणकाय त्याचें तिबेटी नांव ‘टुल्कु’, तेंही याच धातूपासून झालें आहे. म्हणजे बुद्धानें किंवा बोधिसत्त्वानें लोकहितार्थ प्रकट केलेलें रूप हा मूळ अर्थ. एकाकी मनुष्यानें सोबतीसाठीं घडविलेला मित्र, हा अर्थ त्यांत नाहीं. तो मागाहून आला. कोठून आला, याचा माग मिकल्स व लेकॉक या दोन अमेरिकन अभ्यासकांनीं २०१५ सालीं एका निबंधांत काढला असून, त्यांच्या मतें त्याचें पाळणाघर तिबेट नसून थिऑसफी होय. या पंथाचे संस्थापक १८७९ च्या फेब्रुवारींत मुंबईस येऊन राहिले, त्यांचें मासिक त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत मुंबईंतून निघूं लागलें, आणि १८८२ च्या अखेरीस त्यांनीं आपलें ठाणें मद्रासेजवळ अड्यार येथें नेलें. पुढें अ‍ॅनी बेझंट व लेडबीटर यांनीं १९०५ सालीं ‘विचाररूपां’वर पुस्तक लिहून, विचारास आकार व रंग असतो हें मत पसरविलें. १९२९ सालीं अलेक्झांड्रा डेव्हिड-नील या फ्रेंच प्रवासिनीचें तिबेटांतील गूढविद्येवरील पुस्तक प्रसिद्ध झालें व त्यांतून ‘तुल्पा’ हा शब्द युरोपांत रूढ झाला. त्या बाईंच्या अनुभवाकडे आम्ही पुढें वळणार आहों.

शब्द असा फिरून आलेला असला तरी त्यामागील क्रिया आपल्या देशाला परकी नाहीं. तिबेटांतील देवताभावना मूळ संस्कृत साधनग्रंथांवरूनच तिकडे गेली, आणि त्या ग्रंथांपैकीं मुख्य जो ‘साधनमाला’ तो छापण्याचें श्रेय एका मराठी राजाच्या आश्रयास आहे. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्याच्या प्राच्य ग्रंथमालेंत बिनयतोष भट्टाचार्य यांनीं त्याचे दोन भाग १९२५ व १९२८ सालीं काढले. त्यांत ३१२ साधनें असून त्याच्या एका हस्तलिखितावर नेवारी संवत् २८५, म्हणजे इसवी ११६५, असा काळ आहे. पुष्कळशा साधनांचा साचा एकच. आधीं सर्व शून्य आहे अशी भावना. मग कमळावर चंद्रबिंब. त्यावर एक बीजाक्षर. बीजापासून देवतेचें आयुध किंवा चिन्ह. आणि अखेरीस वर्ण, हात, मुख, आसन यांसह संपूर्ण देवता. मूर्तिशास्त्राचे अभ्यासक हा ग्रंथ पाषाणमूर्ति ओळखण्यासाठीं चाळतात व तें योग्यच आहे; परंतु तो मूळचा लिहिला गेला तो मनांत मूर्ति घडविणारांसाठीं, हें विसरून चालणार नाहीं.

आतां घरच्या ग्रंथांकडे येऊं. भागवताच्या एकादश स्कंधाच्या सत्ताविसाव्या अध्यायांत प्रतिमेचे आठ प्रकार दिले आहेत: शिलेची, लाकडाची, धातूची, लेपाची, रेखाटलेली, वाळूची, मनाची व रत्नाची. मनोमयी मूर्ति येथें शिलेच्या व लाकडाच्या पंक्तीस बसविली आहे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. ती घडवावी लागते, तिला वेळ लागतो, आणि ती बिघडूंही शकते. एकादश स्कंधावर एकनाथांची टीका आहे व ती शके १४९५ मध्यें काशीस पुरी झाली. तेव्हां हा विषय मराठी वाचकास सुमारें साडेचारशें वर्षें स्वभाषेंत उपलब्ध आहे. समर्थांनीं दासबोधाच्या चौथ्या दशकांतील पांचव्या समासांत बाह्य पूजा सांगून झाल्यावर, ती यथासांग न घडल्यास मानसपूजा अगत्य करावी व जें जें हवें तें कल्पून देवास अर्पावें, असें सांगितलें आहे. घेरंडसंहितेच्या सहाव्या उपदेशांत ध्यानाचे स्थूल, ज्योति व सूक्ष्म असे तीन भेद असून पहिल्यांत हृदयांत अमृतसागर, त्यांत रत्नद्वीप, त्यावर कल्पवृक्ष, त्याखालीं मंडप व सिंहासन, आणि त्यावर गुरूनें सांगितलेली इष्टदेवता, अशी पायरीपायरीची कल्पना आहे. मात्र हाच ग्रंथ लगेच बजावतो कीं, स्थूलाहून ज्योतिर्ध्यान शतपट व त्याहून सूक्ष्म लक्षपट श्रेष्ठ. आकृति ही पहिली पायरी. तिच्यावरच बिऱ्हाड करावयाचें नाहीं.

येथेंच तुल्पा व ध्यान यांतील भेद उघड होतो. आमच्या ग्रंथांत ध्यान करणारा ध्येयासारखा होतो. अवधूताच्या चोवीस गुरूंतील शेवटचा जो कीटक, त्याचा दृष्टांत हेंच सांगतो. (गांधीलमाशी अळीला आपल्यासारखी करीत नसून ती आपल्या पिलांच्या भक्ष्यासाठीं सांठवून ठेवते, हें आतां सर्वांस ठाऊक आहे, तथापि न्याय म्हणून दृष्टांत चालण्यास हरकत नाहीं.) तुल्पा करणाराची आशा याच्या उलट असते. ध्येयानें आपल्यापासून वेगळें होऊन दुसरें मन व्हावें, असें त्यास वाटतें. पतंजलीनें कैवल्यपादांत निर्माणचित्तांचा विचार केला आहे, आणि तेथें निर्णय असा कीं, चित्तें अनेक भासलीं तरी त्यांस चालविणारें चित्त एकच. आमच्या मतें नवशिक्यानें हा निर्णय आरंभींच गांठीस बांधावा. मनांतली मूर्ति हालली, बोलली, अनपेक्षित उत्तर देऊं लागली, तरी बोलविता धनी आपणच आहों हें ज्यास स्मरतें त्यास या अभ्यासांत भय थोडें.

आतां प्रत्यक्ष अभ्यासाविषयीं. पहिली गोष्ट, ध्यान एकच घ्यावें व तें परंपरेनें आलेलें घ्यावें. यांत सोंवळेपणाचा प्रश्न नाहीं. हस्तलिखितें ताडून पाहणाऱ्या वाचकांस कारण सहज पटेल. मन हा एक नकलकार आहे, आणि सर्व नकलकारांप्रमाणें तो थकला कीं गाळतो, ओळखीचें दिसलें कीं मूळ न पाहतां लिहितो, व मधून मधून पदरचें घालतो. मूळ प्रत समोर असेल तरच त्याचे हस्तदोष सांपडतात. डोमगांवच्या मठांतील कल्याणस्वामींच्या हातचा दासबोध शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १९०५ सालीं छापून प्रसिद्ध केला, तेव्हांपासून इतर प्रतींतील भर व गळ दाखविण्यास पक्का आधार झाला. ध्यानश्लोक हा साधकास तसाच आधार होय. रामरक्षेंतील ध्यान बहुतेकांस मुखोद्गत असतें: धनुष्यबाण धारण केलेला, पद्मासनस्थ, पीतांबर नेसलेला, डाव्या मांडीवर सीता असलेला राम. उद्यां मनांतला राम उभा दिसूं लागला, किंवा त्याचें वस्त्र निळें झालें, तर चूक तत्काळ कळते. स्वकपोलकल्पित आकृतीस अशी ताडून पाहण्याची सोय नसते. ती कालची आज बदलली तरी बदलली असें म्हणणार कशावरून?

आसन व काळ यांविषयीं एकादशाचा चौदावा अध्याय स्पष्ट आहे. आसन सम असावें, अंग सरळ, हात मांडीवर, दृष्टि नासाग्रीं. प्रणवासहित प्राणायाम दिवसांतून तीन वेळां, दर वेळीं दहा, असा केल्यास महिन्याच्या आंत वायु जिंकला जातो, असें तेथें म्हटलें आहे. नवशिक्यानें श्वास कोंडूं नये; दहा सावकाश श्वास मोजले तरी पुरेत. तीन वेळां बसणें आजच्या गृहस्थास बहुधा साधत नाहीं. पिरंगुट-उरवडे भागांत आतां कारखाने झाले असून तेथील तरुणांच्या पाळ्या बदलत्या असतात; या आठवड्यास पहांट, पुढल्यास रात्रपाळी. अशा मनुष्यानें घड्याळ धरून बसूं नये, नित्याचें एक कृत्य धरावें. स्नान झालें कीं बसावें, मग तें स्नान पहांटे पांचास असो वा दुपारीं तिनास. रात्रपाळी करून आल्यावर झोंपेपूर्वीं मात्र बसूं नये. झोंपेच्या उंबरठ्यावर चित्रें आपोआप दिसतात व तीं आपल्या अभ्यासाचें फळ आहेत असा भ्रम होतो. काळाचें मान म्हणाल तर अर्धी घटका, म्हणजे १२ मिनिटें. पहिले दोन महिने याहून अधिक नको, असें आम्ही सुचवितों.

मग पाहणें. देव्हाऱ्यांतील टाक किंवा मूर्ति हातभर अंतरावर ठेवून तिचे पाय तेवढे पाहावे, डोळे मिटावे, आणि जें उरलें तें न्याहाळावें. पुसट झालें कीं डोळे उघडून पुन्हां पाहावें. भागवताच्या तृतीय स्कंधांत कपिलानें देवहूतीस हाच क्रम सांगितला आहे. आधीं सर्वांगाची ओळख, मग एकेका अवयवावर चित्त, आरंभ चरणांपासून व शेवट हास्यावर. घाईनें मुख आधीं पाहूं जाणारास मुखही मिळत नाहीं व पायही जातात. एका अवयवास चार-आठ दिवस लागोत. प्राचीन मूर्तिकारही छिन्नी एकाच ठिकाणीं किती वेळ चालवीत, हें लेण्यांतून अर्धवट सोडलेलीं कामें पाहिलेल्यांस सांगावयास नको.

कित्येकांस डोळे मिटले कीं कांहींच दिसत नाहीं, व आपल्यांत श्रद्धा उणी असें समजून ते कष्टी होतात. तसें नाहीं. फ्रान्सिस गॉल्टन यानें १८८० सालीं लोकांस सकाळच्या न्याहरीचें मेज मनांत आणावयास सांगून उत्तरें गोळा केलीं, तेव्हां कोणास तें प्रत्यक्षवत् दिसे तर कोणास मुळींच दिसत नसे. ज्यांस मनश्चित्र उमटतच नाहीं अशांच्या या स्थितीस अ‍ॅडम झेमन या वैद्यानें २०१५ सालीं स्वतंत्र नांव दिलें आहे. हा रोग नव्हे, प्रकृतिभेद होय. आमच्या पद्धतींत त्यांची सोय पूर्वींच करून ठेवलेली आहे, ती मानसोपचारांची. गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य या पांचांत पाहणें थोडें व इतर इंद्रियें पुष्कळ. चंदनाचा थंडावा बोटास आठवतो, धुपाचा वास नाकास आठवतो. ज्यास चित्र नाहीं त्यानें येथून आरंभ करावा. नामाचा नाद तर सर्वांसच मोकळा आहे.

रोजची टिपणवही ठेवावी. तिथि, वेळ, कोणता अवयव, किती टिकला, कशानें मोडला, एवढें पुरे. मूर्तीनें कांहीं ‘सांगितलें’ असें वाटल्यास तेंही लिहावें. परंतु तिला व्यवहाराचे प्रश्न विचारूं नयेत. नोकरी सोडावी काय, अमुक माणसाशीं बोलणें ठेवावें काय, हीं विचारण्याची जागा ती नव्हे. एकादशाच्या पंधराव्या अध्यायांत धारणेपासून होणाऱ्या सिद्धींची लांबलचक यादी देऊन शेवटीं त्या सर्वांस विघ्नें म्हटलें आहे, यांतलें मर्म ओळखावें.

एवढें आवाहनाच्या अंगाचें झालें. हल्लींच्या साधकांस एवढेंच ठाऊक असतें, आणि आमची तक्रार नेमकी तेथें आहे. कोणतीही जुनी पद्धति आवाहनाशीं थांबत नाहीं. संध्येंत गायत्रीचें तिन्ही काळीं निरनिराळें ध्यान आहे, तसें तिला स्वस्थानीं जाण्याची प्रार्थनाही आहे. पार्थिव गणपतीची प्राणप्रतिष्ठा होते तसें विसर्जन होतें, व अक्षता टाकून मूर्ति हालविल्याखेरीज ती पाण्यांत नेत नाहींत. कवच-स्तोत्रांच्या पद्धतींत न्यासानंतर दिग्बंध असतो, म्हणजे दिशांस कडी घालणें. जपानंतर उत्तरन्यास व दिग्विमोक, म्हणजे ती कडी काढणें. मनोमयी मूर्तीस तर हें अधिकच लागू. चौदाव्या अध्यायांत क्रम असा: सर्वांगावर पसरलेलें चित्त आंवरून एका सुहास्य मुखावर आणावें, तेथें स्थिर झाल्यावर तेथूनही ओढून आकाशांत ठेवावें, आणि मग तेंही सोडावें. तृतीय स्कंधांत चित्तास गळाची उपमा देऊन तो गळ हळूहळू सोडवून घेण्याची गोष्ट आहे. ज्या क्रमानें मूर्ति रचली त्याच्या उलट क्रमानें ती उतरवावयाची, असा याचा व्यवहारी अर्थ. अर्ध्या घटकेंतील शेवटचीं तीन मिनिटें यासाठीं राखावीं. नंतर उठून पाणी प्यावें, पायांस गार फरशी लागूं द्यावी, घरांतील कोणाशीं दोन शब्द बोलावे.

हें न केल्यास काय होतें, यास डेव्हिड-नील बाईंची साक्ष आहे. आपल्यावर तिबेटी देवतांच्या चित्रांची छाप पडूं नये म्हणून त्यांनीं मुद्दाम एक क्षुल्लक आकृति निवडली: बुटका, लठ्ठ, आनंदी स्वभावाचा एक भिक्षु. एकांतांत कांहीं महिने अभ्यास केल्यावर तो दिसूं लागला. पुढें त्या प्रवासास निघाल्या तरी तो तांड्याबरोबर राहिला व न बोलावतां येऊं लागला. त्याचा चेहरा कृश झाला, मुद्रा कुत्सित झाली. एका गुराख्यास तो खराच लामा वाटला, असेंही त्या लिहितात. त्यास नाहींसें करण्यास त्यांस सहा महिने झगडावें लागलें. आपणच आपला भ्रम निर्माण केला असावा, ही शक्यता त्या मोकळेपणानें मान्य करितात, आणि म्हणूनच ही साक्ष आम्हांस मोलाची वाटते. गुराख्याची गोष्ट सोडून दिली तरी सहा महिने उरतातच.

आमच्या कीर्तनकारांची म्हशीची गोष्ट हीच आहे. ज्याचें मन देवावर बसेना त्यास गुरूनें घरच्या म्हशीचें ध्यान करावयास सांगितलें. आणि कांहीं दिवसांनीं ‘बाहेर ये’ म्हणून हांक मारली तेव्हां तो आंतून म्हणाला, शिंगें दारांत अडकतात, कसा येऊं? श्रोते हंसतात. परंतु गुरु दाराशीं उभा होता, हा गोष्टींतला मुख्य भाग हंसण्याच्या भरांत निसटतो. घरीं एकट्यानें अभ्यास करणाऱ्यानें निदान एका जाणत्या माणसास आपण काय करीत आहों हें सांगून ठेवावें. ज्यास पूर्वीं कधीं नसलेले आवाज ऐकूं आले आहेत, ज्याची झोंप गेली आहे, जो नुकत्याच झालेल्या मृत्यूच्या दुःखांत आहे, किंवा ज्याचें मानसिक विकारावर औषध चालू आहे, त्यानें हा अभ्यास करूंच नये. आणि मूर्ति न बोलावतां येऊं लागली, आज्ञा करूं लागली किंवा भिववूं लागली, तर अभ्यास त्या दिवशीं बंद करून मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरकडे जावें. मांत्रिकाकडे जाऊं नये. योगवासिष्ठांत बालकानें स्वतःच कल्पिलेल्या वेताळास भिण्याचा दाखला वारंवार येतो. वेताळ खोटा असला तरी बालकाची भीति खरी असते.

आतां संग्राहकांशीं दोन शब्द. ध्यानाचें पान बहुधा सुबक असतें. क्वचित् चित्रही असतें. म्हणून तें बासनांतून वेगळें निघतें, चौकटींत बसतें, विकलेंही जातें. विसर्जनाचा भाग मात्र नकलकारांनीं अगोदरच आंखडलेला असतो. उत्तरन्यासाच्या ठिकाणीं नुसतें ‘पूर्ववत्’, मानसपूजेच्या ठिकाणीं एखादें अर्धें वाक्य, दिग्विमोकाचा एकच शब्द, आणि तोही पुष्पिकेला लागून. तें शेवटचें पान मळकें, किडलेलें, वरच्या बाजूस राहिल्यानें झिजलेलें. ‘स्फुट, त्रुटित’ असा शेरा मारून तें कोपऱ्यांत पडतें. परिणामीं आवाहनाचा अर्धा भाग लोकांच्या हातीं राहतो व उतरवण्याचा नाहींसा होतो. स्तोत्राच्या बाडाची नोंद करितांना विनियोग, न्यास, ध्यान, मानसोपचार, उत्तरन्यास, दिग्विमोक यांपैकीं काय आहे व काय नाहीं, हें प्रत्येक प्रतीपुढें स्वतंत्र लिहावें, अशी आमची विनंती आहे. ‘पूर्ववत्’ हा शब्द आला असल्यास तो जसाचा तसा नोंदवावा; त्यावरून नकलकारासमोर पूर्ण पद्धति होती किंवा त्यास ती पाठ होती, हें अनुमान करितां येतें. पानांवर पत्रांक नसल्यास शाई, ओळींची संख्या व समासाची रुंदी यांवरून क्रम लावावा. आणि तो लागेपर्यंत ध्यानाचें पान वेगळें काढूं नये.

उरवड्याच्या गृहस्थांस आमचें सांगणें असें. पुतण्याकडून पानें परत घेऊन मूळ जागीं घालावीं. परंतु तीं काढून घेतलीं असें त्यास वाटूं देऊं नये. सबंध पोथीचीं छायाचित्रें, शेवटच्या पानासह, त्यास द्यावीं, आणि ‘पूर्ववत्’ असेल तेथें मागला पाठ त्याच्याच हातून पुरा लिहून घ्यावा. त्याची पाळी कोणती, झोंप किती, सोबत्याची गरज त्यास कां भासली, हें विचारण्यास तेवढें निमित्त होईल. बासनांतील पानांची यादी आमच्याकडे आल्यास क्रम लावण्याच्या कामीं आम्ही साहाय्य करूं.